नवा (विशेषण)

नवा हे मराठी भाषेतील एक विकारी विशेषण आहे. ‘पूर्वी नसलेला’, ‘अलीकडे झालेला’, ‘न वापरलेला’, ‘अननुभवी’ हे त्याचे मुख्य अर्थ होत. लिंग, वचन व विभक्ती यांनुसार या विशेषणाची नवा, नवी, नवे आणि नव्या अशी चार रूपे होतात. संस्कृत *नव* या शब्दापासून प्राकृतमार्गे ते मराठीत आले. भारत-युरोपीय भाषाकुलाच्या जवळजवळ प्रत्येक शाखेत त्याचे सगोत्र शब्द आढळतात. केल्टिक शाखेसाठी विद्वानांनी पुनर्रचित केलेले \*नोव्योस् हे विशेषण त्यांपैकी एक आहे.

सोलापूर शहरातील नवी पेठ, नवी वेस यांसारख्या स्थलनामांत हे विशेषण रोजच्या वापरात आहे. याच अर्थाच्या केल्टिक विशेषणापासून बनलेली गावांची नावे युरोपात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नोंदली गेली. दोन्हीकडील सामग्री शेजारी ठेवली असता शब्दांतील वरवरचे साम्य आणि नियमबद्ध नाते यांतील फरक स्पष्ट होतो.

## व्युत्पत्ती

### मूळ भारत-युरोपीय रूपे

भारत-युरोपीय भाषांच्या तुलनेवरून ‘नवा’ या अर्थाची दोन जुनी रूपे मानली जातात: \*नेवोस् आणि त्याला *-य-* प्रत्यय लागून झालेले \*नेव्योस्. शब्दापूर्वीचे तारांकन (\*) ते रूप कोणत्याही लेखात प्रत्यक्ष सापडलेले नसून सगोत्र भाषांच्या तुलनेतून अनुमानिलेले आहे, हे दाखवते. मूळ भाषेतील *ए* व *ओ* या दोन्ही स्वरांचा संस्कृतात *अ* झाल्यामुळे \*नेवोस् चे संस्कृत रूप *नवः* असे होते.

पहिल्या रूपापासून संस्कृत *नव*, अवेस्ती *नव*, ग्रीक *नेओस्*, लॅटिन *नोवुस्*, हित्ती *नेवा-* आणि प्राचीन स्लाव्ह भाषेतील *नोवु* हे शब्द आले. दुसऱ्यापासून संस्कृत *नव्य*, गॉथिक *निउयिस्*, लिथुआनियन *नाउयास्* आणि केल्टिक शब्द निघाले. इंग्रजी *न्यू* व जर्मन *नॉय* हे गॉथिक शब्दाच्याच जर्मानिक शाखेतील आहेत. संस्कृतात दोन्ही रूपे शेजारी शेजारी टिकली. ऋग्वेदात *नव* आणि *नव्य* हे दोन्ही शब्द येतात, तसेच *नवीयस्* व *नव्यस्* ही ‘अधिक नवा’ या अर्थाची तरभाववाचक रूपेही येतात. आपले सूक्त नवे आहे असे सांगणे ही ऋग्वेदातील कवींची एक रीतच होती.

‘आता’ या अर्थाच्या \*नु या अव्ययाशी (संस्कृत *नु, नू*, लॅटिन *नुंक्*, ग्रीक *न्यून*) या विशेषणाचा संबंध अनेक अभ्यासक जोडतात. तो मान्य केल्यास ‘नवा’ याचा मूळ अर्थ ‘आताचा’ असा ठरतो. संस्कृत *नूतन* व *नूत्न* हे शब्द *नू* या अंगापासून बनलेले दिसतात, हे या मताला पूरक आहे.

### संस्कृतापासून मराठीपर्यंत

मराठी *नवा* हा शब्द *नव* या साध्या रूपापासून सरळ आलेला नाही. अकारान्त संस्कृत शब्दाचा अंत्य स्वर मराठीत सामान्यतः लोप पावतो. *ग्राम* याचे *गाव* होते, ‘गावा’ होत नाही. *नवा* मधील अंत्य *आ* टिकला, कारण मूळ शब्दाला स्वार्थे *क* प्रत्यय जोडला गेला होता. *नवक* हे रूप केवळ अनुमानाने मानावे लागत नाही. पाली भाषेत ते प्रत्यक्ष आढळते व नुकत्याच संघात आलेल्या भिक्षूसाठी वापरले जाते. प्राकृतात दोन स्वरांमधील *क* लोप पावला आणि उरलेले दोन स्वर एकत्र आले:

* पुल्लिंग: नवकः → नवओ, नवअ → नवा
* स्त्रीलिंग: नविका → नविआ → नवी
* नपुंसकलिंग: नवकम् → नवअं → नवें → नवे

माहाराष्ट्री प्राकृतात शब्दारंभीचा *न* सामान्यतः *ण* असा लिहिला जात असल्याने तेथे हा शब्द *णव* असा दिसतो. मराठीत शब्दारंभी *न* च आहे.

मराठीतील आकारान्त विशेषणे विकारी आणि बाकीची बहुधा अविकारी का, याचे उत्तरही याच *क* प्रत्ययात आहे. *मोठा, काळा, जुना, नवा* ही विशेषणे चालतात. *लाल, सुंदर, थोर, नवीन* ही चालत नाहीत. *क* लावलेल्या शब्दांत स्वरांचा संकोच होऊन लिंगभेद दाखवणारे *-आ, -ई, -ए* हे अंत शिल्लक राहिले. *क* नसलेल्या शब्दांचे अंत्य स्वरच गळून गेले.

शेजारच्या भाषांत हाच विस्तारित शब्द त्या त्या भाषेच्या नियमाने आला आहे: कोकणी *नवो, नवी, नवें*, गुजराती *नवो, नवी, नवुं*, हिंदी *नया, नयी*. बंगालीत मात्र *नतुन* हा *नूतन* पासूनचा शब्द रूढ आहे.

मराठीच्या अगदी जुन्या अवस्थेचा लिखित पुरावा तुटक आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग-कुडल येथे भीमा व सीना नद्यांच्या संगमावर असलेला शके ९४० चा (इ.स. १०१८) शिलालेख हा मराठीच्या सर्वांत जुन्या कालनिर्दिष्ट लेखांपैकी एक मानला जातो. सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो प्रकाशात आणला. त्यातील मराठी मजकूर जेमतेम एका ओळीचा आहे आणि त्यात हे विशेषण नाही. त्यामुळे प्राकृत *नवअ* आणि तेराव्या शतकापासूनच्या ग्रंथांतील मराठी रूपे यांमधील पायऱ्या ध्वनिनियमांच्या आधारेच मांडाव्या लागतात.

## आद्य-केल्टिक भगिनीशब्द

केल्टिक भाषांचे सर्वसामान्य पूर्वरूप म्हणजे आद्य-केल्टिक भाषा. तिच्यात लिहिलेला एकही मजकूर नाही. तिच्यातील ‘नवा’ या अर्थाचे विशेषण पुढील शब्दांवरून पुनर्रचित केले जाते:

* गॉलिश: *नोविओ-* (मुख्यतः स्थलनामांत)
* प्राचीन आयरिश: *नूए*, आधुनिक आयरिश: *नुअ*
* वेल्श: *नेविद्* (अंत्य व्यंजन घर्षक)
* कॉर्निश: *नोविद्*, ब्रेटन: *नेवेझ*

या सर्वांचा उलगडा \*नोव्योस् या एका रूपाने होतो. मूळ \*नेव्योस् मधील *एव्* चा केल्टिकमध्ये *ओव्* झाला. लॅटिनमध्येही असाच बदल होऊन *नोवुस्* झाले. मात्र लॅटिन शब्दात *-य-* नाही. म्हणून लॅटिन शब्द संस्कृत *नव* शी जुळतो, तर केल्टिक शब्द संस्कृत *नव्य* शी.

या विशेषणाची पुनर्रचित एकवचनी रूपावली अशी:

| विभक्ती | पुल्लिंग | स्त्रीलिंग | नपुंसकलिंग |
|---|---|---|---|
| प्रथमा | \*नोव्योस् | \*नोव्या | \*नोव्योम् |
| संबोधन | \*नोव्ये | \*नोव्या | \*नोव्योम् |
| द्वितीया | \*नोव्योम् | \*नोव्याम् | \*नोव्योम् |
| षष्ठी | \*नोव्यी | \*नोव्यास् | \*नोव्यी |
| चतुर्थी | \*नोव्यूइ | \*नोव्याइ | \*नोव्यूइ |

प्रथमेच्या अनेकवचनाची रूपे अनुक्रमे \*नोव्योइ, \*नोव्यास् व \*नोव्या अशी मानली जातात. संस्कृतातील *नव्यः, नव्या, नव्यम्* या रूपांशी प्रथमेची रूपे ठेवून पाहिली असता साम्य लगेच लक्षात येते.

ही रूपावली सर्वच ठिकाणी सारख्या खात्रीची नाही. पुल्लिंगी षष्ठीचा *-ई* हा प्रत्यय आयरिश व गॉलिश पुराव्यावर आधारलेला आहे आणि तो लॅटिनशी जुळतो. उत्तर इटलीतील लेपोंटिक भाषेच्या जुन्या लेखांत मात्र षष्ठीचा अंत *-ओइसो* असा आढळतो, तर स्पेनमधील केल्टिबेरियन भाषेत तो *-ओ* असा आहे. लेपोंटिक अंताचा संबंध मूळ \*-ओस्यो या प्रत्ययाशी, म्हणजेच संस्कृत *देवस्य, नवस्य* यांतील *-स्य* शी जोडला जातो. त्यामुळे आद्य-केल्टिकमध्ये दोन्ही प्रत्यय एकाच वेळी प्रचलित असावेत असे मानण्यास जागा आहे.

## मराठीतील रूपावली

| | पुल्लिंग | स्त्रीलिंग | नपुंसकलिंग |
|---|---|---|---|
| एकवचन | नवा (रस्ता) | नवी (गिरणी) | नवे (घर) |
| अनेकवचन | नवे (रस्ते) | नव्या (गिरण्या) | नवी (घरे) |
| सामान्यरूप | नव्या (रस्त्यावर) | नव्या (गिरणीत) | नव्या (घरांना) |

बोलीत व संवादलेखनात नपुंसकलिंगी एकवचन *नवं* असे उच्चारले व लिहिले जाते.

तीन लिंगे, दोन वचने व सामान्यरूप मिळून होणारी सर्व स्थाने केवळ चार रूपांनी भरली जातात. *नवे* हे पुल्लिंगी अनेकवचन व नपुंसकलिंगी एकवचन, *नवी* हे स्त्रीलिंगी एकवचन व नपुंसकलिंगी अनेकवचन, तर *नव्या* हे स्त्रीलिंगी अनेकवचन आणि सर्व लिंगांचे सामान्यरूप आहे. जुन्या लेखनपद्धतीत नपुंसकलिंगी रूपांवर अनुस्वार दिला जाई (*नवें घर, नवीं घरें*), त्यामुळे ती इतर रूपांपासून लेखनात वेगळी ओळखू येत. मूळ *नवकम्* मधील अनुनासिकाची ती खूण होती. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळल्यानंतर हा भेद प्रमाण लेखनातून नाहीसा झाला. कोकणी *नवें* मध्ये तो अद्याप ऐकू येतो.

### *नव्या* या रूपाची घडण

*नव्या* हे एकच रूप दिसत असले तरी त्याची उगमस्थाने दोन आहेत. स्त्रीलिंगी अनेकवचनी *नव्या* हे *नवी* च्या इकारापुढे *आ* येऊन झाले आहे (*गिरणी – गिरण्या* प्रमाणे). सामान्यरूपातील *नव्या* मात्र प्राचीन षष्ठीचा अवशेष मानले जाते: *नवकस्य* पासून प्राकृत *नवअस्स*, लोप पावलेल्या *क* च्या जागी *य* चा उच्चार, आणि पुढे *-एया* या अंताचा संकोच होऊन *-या*. *देवास, देवाला* यांतील *देवा-* हे अंगही अशाच षष्ठीतून आले. प्रत्यय म्हणून षष्ठीचे जुने रूप मराठीतून गेले, पण पुढे शब्दयोगी अव्यये व नवे प्रत्यय लावण्याचे अंग म्हणून ते टिकून राहिले.

### *नव्या* आणि *नव्य*

मराठी *नव्या* आणि संस्कृत *नव्य* यांतील साम्यामुळे दोन्ही एकच शब्द असल्याचा समज होऊ शकतो. *नव्या पेठा* मधील *य* स्त्रीलिंगी अनेकवचनाचा आहे आणि *नव्या रस्त्यावर* मधील *य* विभक्तीचा. दोन्ही मूळ शब्दाचे भाग नाहीत. *नव्य* मधील *य* मात्र मूळ भारत-युरोपीय काळातील शब्दसाधक प्रत्ययाचा आहे. केल्टिक \*नोव्योस् मधील *य* या दुसऱ्या *य* शी जुळतो, पहिल्याशी नाही. *नव्य* हा शब्द मराठीत *नव्य-न्याय* यांसारख्या पारिभाषिक संज्ञांत संस्कृतातून तसाच घेतलेला आहे.

याच कारणाने मराठी *नवा* आणि इंग्रजी *न्यू* यांतील साम्य हे उसनवारीचे फलित नाही, आणि दोन्ही शब्द अगदी एकाच रूपापासूनही आलेले नाहीत. ते एकाच धातूच्या दोन वेगवेगळ्या साधित रूपांचे वंशज आहेत.

## *नवा* आणि *नवीन*

*नवीन* हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला तत्सम शब्द आहे. संस्कृत व्याकरणपरंपरेत *नूत्न, नूतन* व *नवीन* हे तिन्ही शब्द *नव* पासून साधले जातात. मराठीत तो अविकारी आहे: *नवीन रस्ता, नवीन पेठ, नवीन घरे, नवीन रस्त्यावर*. बहुतेक ठिकाणी *नवा* व *नवीन* एकमेकांच्या जागी चालतात. कार्यालयीन लेखनात *नवीन* अधिक दिसतो. म्हणी व वाक्प्रचारांत मात्र *नवा* च रुळला आहे. ‘नवा गडी, नवं राज्य’, ‘नव्याची नवलाई’ या वाक्प्रचारांत *नवीन* बसत नाही.

## स्थलनामांतील वापर

### सोलापूर

सोलापूर शहराच्या मध्यवर्ती भागातील बाजारपेठेचे नाव *नवी पेठ* आहे. *नवी वेस* हेही शहरातील परिचित नाव आहे. *पेठ* व *वेस* हे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी असल्याने विशेषणही स्त्रीलिंगी आहे. विरुद्धार्थी *जुना* या विशेषणाची नावेही शहरात तितकीच आहेत: *जुना पुणे नाका, जुनी मिल, जुना विडी घरकुल*. *जुनी मिल* हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभ्या राहिलेल्या, शहरातील पहिल्या कापड गिरणीचे लोकांनी दिलेले नाव होय. विष्णू मिल, लक्ष्मी मिल अशा पुढच्या गिरण्या उभ्या राहिल्यावरच पहिल्या गिरणीला ‘जुनी’ म्हणण्यास अर्थ आला.

सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू व उर्दू या भाषा बोलल्या जातात. कन्नडमध्ये ‘नवा’ याला *होस*, तर तेलुगूत *कोत्त* म्हणतात. कर्नाटकातील *होसपेटे* आणि हैदराबादेतील *कोत्तपेट* या नावांचा अर्थ ‘नवी पेठ’ असाच आहे. ही दोन्ही विशेषणे द्रविड मूळची असून ती लिंग-वचनानुसार बदलत नाहीत. *होस* चे जुने कन्नड रूप *पोस* होते आणि ते तमिळ *पुदु* शी सगोत्र आहे. *पुदुच्चेरी* म्हणजे ‘नवी वस्ती’. मराठी *पेठ* हा शब्दही कन्नड *पेटे* व तेलुगू *पेट* यांच्याशी संबंधित आहे. अशा प्रकारे *नवी पेठ* या दोन शब्दांच्या नावात एक शब्द भारत-युरोपीय वंशाचा, तर दुसरा दक्षिणेकडील भाषांशी नाते सांगणारा आहे.

### विशेषनामातील गोठलेले रूप

सामान्य नियमानुसार *नवी* चे सामान्यरूप *नव्या* होते: *नव्या गिरणीत, नव्या शाळेत*. परंतु स्थलनामाचा भाग झाल्यावर हे विशेषण बहुधा बदलत नाही. *नवी पेठेत, नवी मुंबईत, नवी दिल्लीला* अशीच रूपे रूढ आहेत. ‘नव्या मुंबईत’ असे म्हटल्यास त्याचा अर्थ ‘बदललेल्या मुंबईत’ असा होऊ शकतो. ‘नवी मुंबईत’ म्हणजे त्या नावाच्या शहरात. येथे विशेषणाने विशेषणाचे काम सोडलेले असून ते नावाचा एक अवयव झाले आहे. *जुनी मिल* सारख्या नावांबाबत वापर अजून दुहेरी असून *जुन्या मिलजवळ* असेही म्हटले जाते.

### केल्टिक स्थलनामे

गॉलिश भाषेतील *नोविओ-* हे विशेषण मुख्यतः स्थलनामांतून ज्ञात आहे. *नोविओदूनुम्* (‘नवा किल्ला’, *दूनोम्* म्हणजे तटबंदीचे ठिकाण) या नावाची अनेक गावे होती. ज्युलियस सीझरने गॉलमधील युद्धांच्या वृत्तांतात या नावाच्या एकाहून अधिक गावांचा उल्लेख केला आहे. स्वित्झर्लंडमधील निओं हे त्याच नावाचे संकुचित रूप होय. रोमेनियात डॅन्यूब नदीकाठी आजच्या इसाक्चा येथेही एक नोविओदूनुम् होते. यावरून केल्टिक भाषिकांचा विस्तार पूर्वेकडे कुठवर पोहोचला होता, याचा अंदाज बांधता येतो.

*नोविओमागुस्* हे दुसरे वारंवार येणारे नाव आहे. त्यातील *मागोस्* चा मूळ अर्थ ‘मैदान’ असून पुढे त्याला ‘बाजाराचे ठिकाण’ असा अर्थ आला. त्या दृष्टीने हे नाव *नवी पेठ* याचे बरेच जवळचे समानार्थी ठरते. नेदरलँड्समधील नायमेखन आणि फ्रान्समधील न्वायों या गावांची आजची नावे त्यापासूनच आली आहेत.

या नावांत विशेषणाला विभक्तिप्रत्यय लागत नाही; *नोविओ-* हे केवळ अंग समासात येते आणि शेवटचे नाम तेवढे चालते. सोलापुरातील *नवी पेठेत* या रूपातही बदल फक्त शेवटच्या नामात होतो. फरक असा, की गॉलिश नावांत समासाच्या जुन्या नियमामुळे अंग प्रत्ययाविना आहे, तर मराठीत एके काळी चालणारे विशेषण नावात येऊन स्थिरावले आहे. परिणाम सारखा असला तरी कारणे भिन्न असल्याने यास वारशाचा पुरावा मानता येत नाही.

## *नव* म्हणजे नऊ

‘नऊ’ या अर्थाचा संस्कृत *नवन्* हा शब्द समासात *नव-* असा येतो, त्यामुळे मराठीत समोच्चारी शब्दांची जोडी तयार झाली आहे. *नवरात्र, नवग्रह, नवरत्ने* यांत *नव* म्हणजे नऊ. *नववर्ष, नवविवाहित, नवकाव्य* यांत नवा. आठापर्यंतची मोजणी पूर्ण झाल्यावर येणारी ‘नवी’ संख्या म्हणजे नऊ, अशी उपपत्ती काही अभ्यासकांनी मांडली आहे. ती सर्वमान्य नाही. ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण या समोच्चाराचाच उपयोग करते. अंकवाचक *नऊ* चे क्रमवाचक *नववा* होते, म्हणून *नवा* व *नववा* हे शब्द लेखनात वेगळे राहतात.

## संबंधित शब्द

* नवल – आश्चर्य. मूळ अर्थ ‘नवी गोष्ट’. हा शब्द *ज्ञानेश्वरी*त वारंवार येतो. ‘काही नवलविशेष?’ या प्रश्नात तो ‘बातमी’ या अर्थाजवळ जातो; वेल्श भाषेतही बातम्यांचा वाचक शब्द ‘नवा’ या विशेषणापासूनच झाला आहे.
* नवलाई – नवेपणाचे आकर्षण.
* नवखा – अननुभवी, अपरिचित.
* नवरा, नवरी – *नव* व *वर* या शब्दांपासून. मूळ अर्थ ‘नुकताच विवाह झालेला वर’. *नवरा* चा अर्थ विस्तारून ‘पती’ असा झाला, *नवरी* मात्र ‘वधू’ या अर्थाजवळच राहिली.
* नवरोज – पारशी नववर्षदिन. फारसी शब्द, त्यातील पहिला घटक इराणी शाखेतील सगोत्र शब्द आहे.

*नवा* चा विरुद्धार्थी *जुना* हा शब्द संस्कृत *जूर्ण* पासून प्राकृत *जुण्ण* मार्गे आला. ‘जुना’ या अर्थाचे आद्य-केल्टिक विशेषण \*सेनोस् होते (आयरिश *शॅन*, वेल्श *हेन*). त्याचा सगोत्र वैदिक शब्द *सन* मराठीपर्यंत विशेषण म्हणून पोहोचला नाही. त्याच कुळातील *सनातन* हा तत्सम शब्द मात्र मराठीत आहे. म्हणजे या विरुद्धार्थी जोडीपैकी ‘नवा’ हा अर्थ दोन्ही शाखांनी एकाच धातूच्या शब्दांनी आजवर व्यक्त केला, तर ‘जुना’ या अर्थासाठी मराठीने दुसरा शब्द स्वीकारला.